न विचारता दिलेलं पाणी

आबांनी माझ्या दुकानातलं पाणी पहिल्याच दिवशी नापास केलं. कामशेतच्या बाजारात त्यांच्या घराखालचा गाळा मी औषधाच्या दुकानासाठी भाड्याने घेतला होता. पूजेला आलेल्या लोकांनी पेढे खाल्ले, चहा घेतला. आबांनी चहा परत पाठवला आणि पाणी मागितलं. एक घोट तोंडात धरून त्यांनी डोळे मिटले, मग गिळून म्हणाले, "नळाचं हाय. पन कालचं. आन प्लास्टिकमदलं." मी म्हटलं, औषधाच्या दुकानात पाणी गोळी गिळण्यापुरतं लागतं. ते म्हणाले, "मंग गोळीबी रडतच जाईल पोटात."

संध्याकाळी त्यांनी वरून एक माठ आणून माझ्या दारात ठेवला. माठ अजून तिथेच आहे. आबांना जाऊन वर्ष होत आलं. झोपेतच गेले, हृदय बंद पडून. मी जे सांगणार आहे त्याचा त्या मरणाशी संबंध नाही. मरण चांगलंच आलं म्हणायचं. वाईट वाटतं ते त्याआधी जे हातचं गेलं त्याचं.

आबा मूळचे आंदर मावळातले, भातशेतीवाले. गावाकडची खाचरं वाट्याने देऊन ते मावशींबरोबर, म्हणजे त्यांच्या बायकोबरोबर, कामशेतला राहायला आले होते. मुलगा चिंचवडला नोकरीला. सकाळचं आवरलं की आबा माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसत. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, आणि बारा महिने छत्री. आलेल्या गिऱ्हाइकाला मी काय हवंय ते विचारायच्या आत आबा गाव विचारत, आणि गाव कळलं की त्या गावच्या पाण्याचा निकाल देत. पवनेकडचं पाणी मऊ. इंद्रायणीचं जड, डाळ शिजायला वेळ लावणारं. लोणावळ्याचं गार, पण रिकामं, त्याला काही म्हणायचंच नसतं. भाजे लेणी आहेत त्या भाज्याच्या डोंगरातलं पाणी सगळ्यांत शहाणं. शहाणं म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुकान बंद करायची वेळ आली असती.

जुलाबाचं औषध घ्यायला आलेल्या माणसाला ते सांगत की तुमच्या वाडीच्या वरच्या अंगाची विहीर सोडा, खालच्या विहिरीचं प्या. कधी कधी ते बरोबर ठरे, बहुतेक वेळा नाही. एकदा मी एकाच माठातलं पाणी दोन पेल्यांत भरून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोन्ही चाखलं आणि डावीकडचं बरं म्हणून सांगितलं. दोन्ही एकच आहे म्हटल्यावर ते जरासुद्धा हलले नाहीत. "पेला येगळा हाय ना," म्हणाले.

पाण्याबद्दल त्यांचा एक नियम मात्र होता, आणि तो ते सगळ्यांना ऐकवत. दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही, पुढे ठेवायचं. विचारलं की माणूस संकोचाने नको म्हणतो आणि तहानलेला परत जातो. माझ्याकडे कामाला असलेल्या मुलीने एकदा कुणाला तरी, पाणी घेणार का, असं विचारलं. आबा बाकावरून म्हणाले, "पानी घेनार का, आसं इचारनारं घर म्हंजे हाटेल."

त्या बाकावर आठवड्यातून दोन-तीनदा दुसरं एक माणूस येऊन बसायचं. त्यांना सगळे भाऊ म्हणत. आबांच्याच गावचे, बौद्ध वस्तीतले. दोघं एका वर्गात शिकलेले. भाऊ पुढे रेल्वेत लागले, लोणावळ्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि भाज्याला घर बांधून राहिले. मळवलीला लोकलमध्ये बसायचं, पुढचं स्टेशन कामशेत. रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याकडून घ्यायच्या हे निमित्त. गोळ्यांचं काम पाच मिनिटांचं, गप्पा जेवणाच्या वेळेपर्यंत. दोघांत बोलणं फार नसायचं. आबा बोलत, भाऊ मधूनच एखादा शब्द टाकून त्यांचं विमान खाली उतरवत. "लेका, तुला चव कळती का पान्याची," असं आबा म्हणाले की भाऊ म्हणत, "मला तहान कळती."

आबांच्या पाणी चाखण्याची सुरुवात भाऊंच्याच घरी झाली होती. शाळेत असताना एका दुपारी आबा भाऊंच्या घरी गेले आणि डेऱ्यातलं पाणी प्यायले. घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं की त्यांच्याकडचं पाणी आपल्यापेक्षा गार आणि गोड आहे. बापाने बैलाच्या चाबकाने फोडून काढलं. हे सांगताना आबा हसत. "माजा पयला निकाल, म्याडम, आन पयलं बक्षीस." मी ही गोष्ट पुष्कळदा ऐकली. भाऊ ऐकताना रस्त्याकडे बघत बसायचे. एकदाच ते बोलले. माझ्याकडे वळून, शांतपणे, जरा शहरी भाषेत. "मार त्याने खाल्ला, बाई. पण त्यानंतर बरेच दिवस आमच्या आईला झऱ्यावर कुणी पाणी वाढलं नाही. ती दुपारभर घागर घेऊन बसायची."

आबांचं हसू तिथेच थांबलं. मला वाटतं, त्यांना हे माहीत होतं, पण इतकं सरळ कधी ऐकलं नव्हतं.

पुढे मला दिसलं ते असं. आबा इतर कुठेही पाणी वरून प्यायचे, पेल्याला ओठ न लावता. त्या पिढीची सवयच ती. भाऊंच्या घरी मात्र तोंड लावून प्यायचे. पेला रिकामा करून खाली ठेवायचे तो आवाज करून. भाऊंच्या सुनेला हे ठाऊक होतं. आबा अंगणात दिसले की ती तांब्या-पेला घेऊनच बाहेर यायची. कुणी कुणाला काही विचारत नसे.

आता उन्हाळीची गोष्ट. आपल्याकडे लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतात, आणि धने-जिऱ्याचं पाणी पितात, सब्जा घेतात. आबा माझ्याकडे आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "म्याडम, उन्हाळी लागलीय." बाहेर श्रावणातली झड लागली होती. छत्रीतून पाणी गळून दुकानात थारोळं झालं होतं. मी म्हटलं, श्रावणात उन्हाळी? ते म्हणाले, "हवामान बदाललंय." जळजळ कमी करायचं सरबत मी दिलं. काही दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा दिलं. तिसऱ्या वेळी मी बाटली काढलीच नाही. थंडी वाजून ताप येतो का, कमरेत दुखतं का, लघवीला जोर करावा लागतो का, एवढं विचारलं. दुकानात दोन बायका उभ्या होत्या. आबांनी छत्री उचलली आणि खोकल्याची गोळी मागून निघून गेले.

शेवटी तापानेच त्यांना डॉक्टरकडे नेलं. प्रोस्टेटला सूज आली होती. पुरुषांना मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीसारखी एक गाठ असते, तीच ही. वयाबरोबर ती वाढते. तिच्यात जंतू गेले की सुजते, आणि मग लघवीची वाटच आवळते. डॉक्टरांनी कित्येक आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. जळजळ थांबल्यावर आबांनी त्या अर्ध्यावर सोडल्या. आग विझल्यावर कुणी पाणी ओतत बसतं का, हा त्यांचा युक्तिवाद. उरलेल्या गोळ्या त्यांनी मला परत करायला आणल्या, त्या वापरून संपवायच्या असतात हे सांगितल्यावर रागावले. थंडीत सूज परत आली आणि एके सकाळी लघवी पूर्णच अडली. नळी घालावी लागली. मग तळेगावला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. नळी काढल्यावर मात्र लघवी थांबेना. खोकला आला की थेंब, उठलं की थेंब, घाई झाली की मोरीपर्यंत पोचायच्या आतच. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. काही आठवडे, काहींना काही महिने लागतात, ताबा परत येतो. पाणी भरपूर प्या, चहा कमी करा, ओझं उचलू नका, आणि आवळून सोडायचा व्यायाम करा. एवढंच. माझ्या दुकानात अशी माणसं येतात आणि बरी होतात. यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी तोंडाने पन्नासदा सांगू शकते. ज्याचा पायजमा भिजतो त्याला ते पटत नाही.

आबांनी पायजमा सोडला. काळपट राखाडी पँट शिवून घेतली. अख्ख्या बाजाराने त्यावरून त्यांची चेष्टा केली. म्हातारपणी मुलगी बघायला निघालात का, वगैरे. आबा हसून घेत आणि छत्री पुढे धरत. शिवाय ते दर आठवड्याला लोकलने लोणावळ्याला जाऊन चिक्कीच्या दुकानाची मोठी पिशवी घेऊन येऊ लागले. आबांच्या तोंडात दात नावालाच होते. शेजारच्या किराणावाल्याने एकदा लाडाने म्हटलं, आबा, एक तुकडा आम्हालाही. आबांनी पिशवी छातीशी धरली आणि जिना चढून गेले. किराणावाला मला म्हणाला, म्हातारा कंजूष झाला. पिशवीत मोठ्या माणसांचे डायपर होते. तोच माल, त्याच कंपनीचा, माझ्या दुकानात त्यांच्या बाकापासून हातभर अंतरावर रचलेला होता.

हे मला मावशींनी सांगितलं. त्या पुरळाचं मलम न्यायला आल्या आणि काउंटरवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "समद्या मावळाचं पानी त्यास्नी ओळखू येतं," त्या म्हणाल्या. "आन आता सोताच्या पान्याला भ्यात्यात."

त्यांनी एक गोष्ट मात्र मला सांगितली नाही, कारण त्यांनाही त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. आबांनी पाणी पिणं सोडलं होतं. त्यामागचं कारण आबांनी स्वतः मला नंतर दवाखान्यात सांगितलं. भाताच्या खाचराचा बांध फुटला की माती घालून तो लिंपतात. लिंपलेला बांध ओला असताना पाणी सोडलं तर तो पुन्हा वाहून जातो. म्हणून आधी वरून पाणी तोडायचं, बांध वाळू द्यायचा, मग पाणी घ्यायचं. आतून कापलंय, लिंपलंय आणि अजून झिरपतंय, म्हणजे बांध ओला आहे, असं आबांनी धरलं. जन्मभर शेतात जे खरं ठरलं ते त्यांनी जसंच्या तसं शरीराला लावलं. दिवसभरात गोळीपुरता घोट. बाकी काही नाही. डॉक्टरांचं भरपूर पाणी प्या हे म्हणणं त्यांनी शहरी माणसाचं म्हणून सोडून दिलं. त्याला काय, त्याने कधी खाचर राखलंय?

आणि नेमकं त्याच वैशाखात भाऊंच्या मुलाने भाज्याच्या घरावर वरचा मजला चढवला. कार्यक्रमाचं बोलावणं आम्हा सगळ्यांना होतं. मी माझ्या गाडीने आबा-मावशींना घेऊन गेले. आबा पुढच्या सीटवर घडी केलेला टॉवेल टाकून बसले. घाम येतो म्हणाले. मी एसी चालू केला. एवढ्या उन्हाची त्यांनी जाड राखाडी पँट घातली होती.

वंदना झाली होती. वरच्या मजल्यावर नवी फरशी चकाकत होती आणि पाहुण्यांसाठी त्यावर पांढरी चादर अंथरली होती. आबांनी ती पाहिली आणि भिंतीला टेकून उभेच राहिले. भाऊंनी हाताला धरून त्यांना खाली बसवलं, आपल्या शेजारी. सून तांब्या-पेला घेऊन आली. नेहमीसारखी, न विचारता. तिने पेला भरून आबांपुढे धरला.

आबा म्हणाले, "नको."

भाऊंना ते ऐकूच आलं नाही. ते कुणाशी तरी बोलत होते. सून तशीच उभी. मग भाऊंनी मान वळवली. "घे की लेका. भाज्याचं हाय. शहानं."

"नको म्हंतो ना."

"का रं?"

आबांनी खोलीभर बघितलं. बायका, मुलं, भाऊंचे रेल्वेतले जुने सोबती. मला वाटलं आता तब्येतीचं काहीतरी सांगतील. तेवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. ते म्हणाले, "आज उपास हाय माजा."

आबांनी उभ्या जन्मात उपास केला नव्हता. मावशींची एकादशी चालू असताना ते समोर बसून सुकट खायचे. हे भाऊंना माहीत नव्हतं असं नाही.

"कशाचा उपास?" भाऊंनी विचारलं. आवाज साधा होता.

आबांनी छत्री मांडीवर ओढली. त्यांचा चेहरा ताणलेला होता, मांड्या घट्ट आवळलेल्या. मला कळलं काय चाललंय ते. मावशींनाही कळलं. बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं. भाऊंच्या नात्यातले एक वयस्क गृहस्थ भिंतीशी बसले होते. ते हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ दे, भाऊ. आपल्यात पानी न्हाई घ्यायचं त्यास्नी. शेवटी त्येच."

भाऊ त्यांना गप्प करतील असं मला वाटलं. भाऊंनी आबांकडे पाहिलं. म्हणजे आबांना बोलायला जागा ठेवली. आबा उठले, छत्री पुढे धरली आणि भिंतीच्या कडेकडेने जिन्याकडे गेले. चादरीवर ते बसले होते तिथे काही नव्हतं, हे मी मुद्दाम बघून घेतलं. मावशी त्यांच्या मागे धावल्या. सुनेच्या हातातला पेला भाऊंनी घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. एका दमात.

परत आल्यावर आबांचा टॉवेल माझ्या गाडीतच राहिला. टॉवेल मी दुसऱ्या दिवशी मावशींकडे परत दिला, धुऊन.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आबांना परत ताप चढला. पाणी न प्यायल्याने लघवी कडक झाली होती, जंतू वाढले, रक्ताची गुठळी अडकली. पुन्हा तळेगाव, पुन्हा नळी. बांधाचा सिद्धांत मी ऐकला तो तेव्हाच. मी त्यांना सांगितलं, आबा, हे खाचर नाही, हा माठ आहे. पाणी कमी ठेवलं की तळाला गाळ बसतो आणि आतून आग होते. पाणी पीत राहिलात तर लघवीची पिशवी शांत राहील, घाई उलट कमी होईल. माठ म्हटल्यावर त्यांना जरा पटलं. एवढी साधी उपमा डॉक्टरांना सुचली असती तर बरं झालं असतं. पण बांधाचं आबा डॉक्टरांपुढे कधी बोललेच नव्हते, त्यांनी तरी काय करावं.

भाऊ दवाखान्यात आले नाहीत. आबा दाराकडे बघत. कुणी आत आलं की अर्धवट उठत आणि परत पडत. मावशींनी भाऊंकडे निरोप पाठवते म्हटलं तर अंगावर ओरडले.

घरी आल्यावर मी एकदा वर गेले आणि सरळ म्हटलं, भाऊंना जाऊन खरं काय ते सांगा.

"काय सांगू? म्हातारा मुततोय म्हनून सांगू?"

"हो. तेच सांगा."

"तुमी बाईमानूस आसून आसं बोलता?"

"मी दिवसभर हेच विकते, आबा."

त्यांनी वाळत घातलेली पँट चाचपून बघितली. मग म्हणाले, "त्याच्या दारात मी वल्या कापडानं न्हाई जानार. कोरडा झालो की जातो."

मी म्हटलं, तोवर उशीर होईल. मी फोन लावून देऊ का? ते म्हणाले, फोनवर पाणी पिता येत नाही. मी सांगू का, असं विचारलं, तर त्यांनी मला माझ्या धंद्याची आठवण करून दिली. दुकानात येणाऱ्या माणसाचं दुखणं दुकानाबाहेर जात नाही, हे मीच त्यांना कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं. बरोबरच होतं त्यांचं.

मग कोरडं होण्याची मोहीम सुरू झाली. आबा माठाशेजारी बसून ठरावीक वेळाने पाणी पिऊ लागले. चाखत नसत, नुसते पीत, औषधासारखं. व्यायाम ते बाकावर बसूनच करत. वारा अडवून धरल्यासारखं आवळायचं आणि सोडायचं, एवढाच तो व्यायाम. पण आबा डोळे वटारून, गाल फुगवून, श्वास कोंडून बसत. कुणी राम राम घातला तर एक बोट वर करून थांबवत. बाजारात बातमी पसरली की आबांनी मौन धरलंय. मी आतून ओरडायची, श्वास घ्या, आबा, तोंड मोकळं सोडा, जोर खाली आहे. ते म्हणत, "बांध घालतोय. मधी बोलू नका."

भाऊंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आता त्यांची सून घेऊन जाऊ लागली. ती आली की आबा उठून वर जात. एकदा तिने मला विचारलं, आबांची तब्येत कशी आहे? मी म्हटलं, सुधारते आहे. एवढंच मला सांगता येत होतं. तिने गोळ्या पिशवीत टाकल्या. "आमच्या घरात त्यांचा पेला अजून वेगळा ठेवलाय," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःचंच बोलणं दुरुस्त केलं. "म्हणजे वेगळा तसा नाही. त्यांच्या आवडीचा म्हणून."

पाऊस आला आणि गेला. भात पिवळं पडलं. दिवाळीच्या सुमारास एके सकाळी आबा जिना उतरून आले ते पांढऱ्या पायजम्यात. किराणावाला म्हणाला, लग्न मोडलं वाटतं. आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "चला," म्हणाले. दुकान मुलीवर सोपवून मी गाडी काढली.

भाऊ ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले. इतकी वर्षं ते आबांना, ये रं लेका, असं म्हणत आले होते. त्या दिवशी म्हणाले, "या."

आबा बसले नाहीत. अंगणातच उभं राहून, सुनेसमोर, माझ्यासमोर, रस्त्याने जाणाऱ्या दोन पर्यटकांसमोर ते बोलले. "भावड्या, मला मुताय धरत न्हवतं. आपरेशन झाल्यावर झिरपत व्हतं. तुज्या नव्या फरशीवर सांडलं आसतं म्हनून पानी घेतलं न्हाई. उपास-बिपास काय न्हवता."

सुनेने पदर तोंडाला लावला. भाऊंनी आबांच्या पांढऱ्या पायजम्याकडे पाहिलं. मग ओट्यावर बसले. "आन मी इतके म्हयने काय काय इचार करत बसलो," ते म्हणाले. "आईपतुर जाऊन आलो."

"म्हाईत हाय."

"येड्या, सांगायचं. माजीबी ती गाठ वाढलीया. मीबी रातीचा चारदा उठतो."

आणि ते हसले. आबाही हसले. मग दोघे म्हातारे शेजारी बसून नळ्या, गोळ्या आणि मोरीत किती वेळ उभं राहावं लागतं यावर इतका वेळ बोलत राहिले की मी तीनदा घड्याळ बघितलं. सगळं मिटलं, असं मला वाटलं. सून तांब्या-पेला घेऊन उंबऱ्यात आली आणि तिथेच थांबली. तिने भाऊंकडे बघितलं. भाऊ आबांकडे वळले आणि म्हणाले, "पाणी घेणार का?"

आबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "व्हय. दे की." पेला तोंडाला लावून त्यांनी सगळं पाणी संपवलं, पेला आवाज करून खाली ठेवला आणि अजून मागितलं. परतीच्या वाटेवर मला मळवली फाटकापाशी गाडी थांबवावी लागली, पण ते काही पँट-पायजम्याचं संकट नव्हतं. नुसतं खूप पाणी प्यायलेल्या माणसाचं काम होतं. परत येऊन बसताना त्यांनी मला कोरडा पायजमा दाखवला. मी अभिनंदन केलं.

भाऊ पुन्हा बाकावर येऊ लागले. चेष्टा सुरू झाली. आबा महिन्यातून दोन-तीनदा भाज्याला जात. ताबा उत्तम आला होता. माझ्या मते हे प्रकरण बरं झालेल्यांपैकी होतं, आणि मी ते विसरूनही गेले असते.

जाण्याच्या थोडे दिवस आधी आबा भाज्याहून परत आले आणि बाकावर बसले. माझ्या माठातलं पाणी घेतलं. या वेळी चाखून, डोळे मिटून. निकाल दिला नाही. मी म्हटलं, काय झालं, नापास?

"तो आजून इचारतो," आबा म्हणाले.

"कोण? काय?"

"भाऊ. जाईल तवा इचारतो. पानी घेनार का."

मी म्हटलं, तुमच्या तब्येतीमुळे विचारत असतील, आबा. तुम्हीच त्रास सांगितलात ना. आता पडली असेल सवय.

"न्हाई, म्याडम," आबा म्हणाले. पेला त्यांनी बाकावर ठेवला, आवाज न करता. "सवय न इचारायची व्हती."